पहिल्यांदाच आरव्ही घेताय? मग बॅन्फ सोडा, मेडिसिन हॅटला जा

कॅल्गरीत नवीन आलेल्या प्रत्येक घरात कधी ना कधी हा ठराव पास होतोच की यंदा उन्हाळ्यात आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची. आणि मग सगळे सरळ डोंगराकडे निघतात. पंचवीस फुटी गाडी आयुष्यात पहिल्यांदा हातात, चढ-उतार, लेक लुईसला पार्किंगची मारामारी, कॅम्पसाइट महिनोन्‌महिने आधी फुल, आणि बाजूला बसलेली आई डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय. कशाला हे? पहिली आरव्ही ट्रिप प्रेअरीवर, म्हणजे सपाट गवताळ मैदानावर करा. रस्ता सरळ, चार लेनचा, दोन्ही बाजूंनी रिकामा, चुकलं तरी वळायला जागा. मध्ये मेडिसिन हॅट नावाचं साधारण ६३ हजार वस्तीचं शहर, आणि त्याच्या आजूबाजूला अशी पार्कं की डोंगर आठवणारही नाहीत. फक्त एक गोष्ट पाळा, रोज मुक्काम हलवू नका. आरव्हीत दमवतं ते ड्रायव्हिंग नाही, रोजची आवराआवर दमवते.

आता क्रमाने सांगतो. काही ठिकाणी जास्त बोलीन, काही ठिकाणी कमी.

आधी तारीख आणि साइट, मग गाडी

लोक उलटं करतात, गाडी आधी बुक करतात आणि मग जागा शोधत बसतात. अल्बर्टाच्या प्रोव्हिन्शियल पार्कातल्या साइट ९० दिवस आधी सकाळी ९ वाजता ऑनलाइन उघडतात, म्हणजे जुलैच्या मधल्या आठवड्यासाठी एप्रिलमध्ये लॉगिन करून बसायचं. लाँग वीकेंड, म्हणजे मे मधला, १ जुलैचा, ऑगस्टमधला आणि लेबर डे, हे चारही टाळा. रविवार ते गुरुवार गेलात तर बऱ्याचदा मनासारखी साइट मिळते. साइट निवडताना तीन गोष्टी बघायच्या: लांबी किती फुटांची आहे (तुमची गाडी बसली पाहिजे), वीज आहे का, आणि पुल-थ्रू आहे का बॅक-इन. पुल-थ्रू म्हणजे एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, रिव्हर्स घ्यायची भानगडच नाही. पहिल्या ट्रिपला जिथे पुल-थ्रू मिळेल तिथे तीच घ्या, मागे दोन झाडं कमी दिसली तरी चालेल.

महिना म्हणाल तर जून उत्तरार्ध किंवा ऑगस्ट शेवट ते सप्टेंबर मध्य. जुलैत इथे ३५ च्या वर पारा जातो, आणि मेडिसिन हॅट कॅनडातल्या सगळ्यात जास्त ऊन पडणाऱ्या शहरांपैकी आहे, हे नुसतं टुरिझमवाल्यांचं बोलणं नाही. जूनमध्ये नदीकाठी डास असतात, स्प्रे घ्या आणि गप्प बसा.

गाडी कुठली

मेडिसिन हॅट लहान गाव, सोपं पडतं ते कॅल्गरीतून घेणं, तिथे मोठ्या रेंटल कंपन्या आहेत. तुम्हाला हवी ती क्लास सी, म्हणजे पुढे ट्रकसारखं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बेड. चौघांना २२ ते २५ फुटी पुरते. इथलं साधं क्लास ५ लायसन्स चालतं, वेगळं काही लागत नाही. भारतातून आलेले नातेवाईक चालवणार असतील तर त्यांचं लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट दोन्ही चालतील का ते कंपनीला आधीच विचारा. अजून एक, बऱ्याच कंपन्या लांबच्या फ्लाइटने उतरलेल्या माणसाला त्याच दिवशी गाडी देत नाहीत, एक रात्र हॉटेलात झोपून या म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.

झोपायच्या जागा आणि सीटबेल्ट हे दोन वेगळे आकडे असतात. जाहिरातीत 'सहा जण झोपतात' लिहिलेलं असतं पण मुलांची कार सीट नीट बसेल अशी जागा एखादीच असते. बुक करताना हे फोनवर स्पष्ट विचारा. आईबाबा पुण्याहून आलेले असतील तर त्यांना मागचा पलंग, डोक्यावरचा बेड शिडीचा असतो, रात्री बाथरूमला उठताना साठीतल्या माणसाला ती शिडी नको.

भाड्याचा जो आकडा दिसतो तो अर्धवट असतो हे धरूनच चाला. त्यावर किलोमीटरचं पॅकेज, इन्शुरन्स, भांडी आणि अंथरूण-पांघरुणाचं किट, जनरेटरचे तास, तयारीची फी, आणि ५ टक्के जीएसटी. भांड्यांचं किट मी म्हणेन घेऊ नका, घरून दोन पातेली, कुकर, तवा न्या. पांघरुणाचं घ्या. इन्शुरन्समध्ये डिडक्टिबल (नुकसानीतला तुमच्या खिशातून जाणारा वाटा) किती ते बघा आणि ग्रॅव्हल रोडचं कलम वाचाच वाचा, कारण बरेच जण कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात आणि प्रेअरीवर हायवे सोडला की खडी सुरू होते.

गाडी ताब्यात घेताना

इथे घाई करायची नाही. काउंटरवरचा माणूस वीस मिनिटांत सगळं भराभर दाखवून चावी देतो, तुम्ही फोन काढून अख्खा डेमो व्हिडिओ करा. आणि हे प्रत्यक्ष करून मागा: प्रोपेनचा व्हॉल्व कुठे, फ्रिज विजेवरून प्रोपेनवर कसा जातो, स्लाइड-आउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) असेल तर कसं आत-बाहेर होतं, ऑनिंग (दारावरचं कापडी छत) कसं गुंडाळायचं, ड्रेनेजचा पाइप कुठल्या खणात आहे. गाडीची उंची विचारा आणि ती डॅशबोर्डवर चिकटपट्टीने लावा. साधारण १२ फुटांच्या आसपास असते, म्हणजे ड्राइव्ह-थ्रूच्या कॉफीला कायमचा रामराम, आणि पार्केडला, म्हणजे छताखालच्या पार्किंगलाही.

चालवताना दोनच गोष्टी वेगळ्या लागतात. एक, गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे असतो, म्हणून पेट्रोल पंपावर डावीकडे वळलात की शेपूट उजवीकडे जातं आणि खांबाला घासतं. वळण्याआधी थोडं सरळ पुढे या, मग वळा. दोन, वारा. ट्रान्स-कॅनडावर (हाच हायवे १) लिमिट ११० आहे पण तुम्ही ९०-९५ ने चला, क्रॉसविंडमध्ये ही गाडी पतंगासारखी ओढ घेते आणि समोरून मोठा ट्रक गेला की एकदम धक्का बसतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर. पेट्रोल भरताना प्रोपेन बंद. आणि टाकी अर्धी झाली की भरा, ब्रुक्स आणि मेडिसिन हॅट सोडून बाकी ठिकाणी भरवसा ठेवू नका.

मार्ग

कॅल्गरी ते मेडिसिन हॅट साधारण २९५ किलोमीटर. कारने तीन तास, आरव्हीने थांबत-थांबत चार. पण पहिल्या दिवशी एवढं जाऊ नका, गाडी मिळेपर्यंतच दुपार होते. मध्ये ब्रुक्स लागतं, त्याच्या दक्षिणेला लेक न्यूएलच्या काठी किनब्रुक आयलंड प्रोव्हिन्शियल पार्क आहे. पहिली रात्र तिथे. पाणी आहे, पक्षी आहेत, आणि मुख्य म्हणजे काही विसरलं तर जवळच ब्रुक्समध्ये मोठी दुकानं आहेत. पहिल्या रात्री काहीतरी विसरलेलं असतंच, बहुतेक वेळा लायटर.

मग दोन रात्री डायनॉसॉर पार्क, दोन मेडिसिन हॅट, आणि शेवटी तीन रात्री साइप्रस हिल्स. एकूण आठ रात्री, चार मुक्काम. उलटं केलं तरी चालतं, पण उन्हातून शेवटी थंडाव्यात जाणं बरं वाटतं.

पाणी, वीज आणि ते तिसरं

हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

गाडीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक ग्रे म्हणजे सिंक आणि शॉवरचं पाणी, आणि एक ब्लॅक म्हणजे टॉयलेटची. साइटवर कधी फक्त वीज मिळते, कधी वीज-पाणी-ड्रेनेज तिन्ही, त्याला फुल हुकअप म्हणतात. ड्रेनेज नसेल तर निघताना सॅनी-डम्पवर जायचं, पार्कात किंवा गावात ते असतं.

डम्प करायची पद्धत: हातमोजे, पाइप आधी गाडीला घट्ट लावा, फिरवून 'कट' झाल्याचं बघा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात आणि त्यावर दगड किंवा पाय. मग आधी ब्लॅकचा व्हॉल्व उघडा, पूर्ण रिकामी होऊ दे, बंद करा, मग ग्रे. साबणाचं पाणी मागून गेलं की पाइप आपोआप धुतला जातो, म्हणून हाच क्रम. फुल हुकअपवर असलात तरी ब्लॅकचा व्हॉल्व कायम उघडा ठेवायचा नाही, नाहीतर पाणी वाहून जातं आणि घट्ट माल आत साचून बसतो, मग काय होतं ते कल्पना करा. टाकी बऱ्यापैकी भरली की मगच सोडायची.

आणि आपल्या लोकांचा प्रश्न, जो कुणी विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतो: टॉयलेटमध्ये पाण्याचा मग वापरलेला चालतो का? चालतो. ब्लॅक टँकला पाणी जास्त गेलेलं उलट चांगलंच असतं, फक्त ती लवकर भरते, तेव्हा एक दिवस आधी डम्प करायचं. टिश्यू वापरणार असाल तर आरव्हीचा विरघळणारा घ्या, आणि वाइप्स अजिबात नाही.

वीज बहुतेक ३० अँपची असते. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला आणि वर किटली, की ब्रेकर पडला. एका वेळी एकच मोठं काम. पिण्याच्या पाण्याचे कॅन वेगळे ठेवा, टाकीचं पाणी भांडी-आंघोळीला. आंघोळ म्हणजे ओलं व्हा, नळ बंद, साबण, नळ चालू, बाहेर या. आजोबांना हे बरोब्बर जमतं, टीनएजर मुलांना नाही. त्यांना कॅम्पग्राउंडच्या शॉवरला पाठवा.

स्वयंपाक

आरव्हीत फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो. मिरची-मोहरी तडतडली रे तडतडली की कोकलायला लागतो आणि शेजारच्या साइटवरचे काका वळून बघतात. त्यावर उपाय अलार्म काढून ठेवणं नाही. एक छोटी कॅम्प शेगडी घ्या आणि फोडणी, थालीपीठ, मासे सगळं बाहेर पिकनिक टेबलावर. आत फक्त चहा आणि कुकर. जमिनीलगत एक वेगळा गॅस डिटेक्टर असतो, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून तो खाली लावलेला असतो, तो वाजला तर मात्र थट्टा नाही, सगळे बाहेर, दारं उघडी, सिलिंडर बंद.

किराणा कॅल्गरीच्या नॉर्थईस्टमधून भरून घ्या, पोहे, भाजणी, मेतकूट, तयार ठेचा. दूध-भाज्या मेडिसिन हॅटला मिळतील. तांदूळ धुतलेलं पाणी ग्रे टँकमध्ये ओतत राहिलात तर तिसऱ्या दिवशी वास सुरू होतो, सिंकला जाळी लावा. हळद काउंटरवर सांडली की डाग पडतो आणि परत देताना तो डाग त्यांना पहिल्यांदा दिसतो.

जळाऊ लाकूड घरून न्यायचं नाही, त्यातून झाडांची कीड पसरते, तिथेच विकत घ्या. आणि या भागात कोरड्या उन्हाळ्यात फायर बॅन लागतो, मग शेकोटी बंद. निघायच्या दिवशी सकाळी बघून घ्या, मुलांना मार्शमेलोचं वचन त्यानंतर द्या.

डायनॉसॉर पार्क

आधी एक गोंधळ मिटवू. प्रसिद्ध रॉयल टिरेल म्युझियम आहे ते ड्रमहेलरला. डायनॉसॉर प्रोव्हिन्शियल पार्क वेगळं, ब्रुक्सच्या ईशान्येला, पॅट्रिशिया गावाच्या पुढे, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत. इथे साडेसात कोटी वर्षांपूर्वीचे डायनॉसॉर सापडले, पन्नासपेक्षा जास्त जातींचे.

जाताना अर्धा तास नुसती सपाट गवताळ जमीन, काही म्हणजे काही नाही, मुलं विचारतात कधी येणार, आणि मग एकदम जमीन संपते. खाली राखाडी-तपकिरी पट्ट्यांच्या टेकड्या, मातीचे खांब, मधून रेड डिअर नदी. वरच व्ह्यूपॉइंट आहे, तिथे गाडी लावून बघून घ्या, मग लो गिअरमध्ये उतार उतरा. कॅम्पग्राउंड खाली कॉटनवूडच्या झाडांत आहे, वीज असलेल्या साइट घ्या कारण दुपारी एसी लागतोच.

पार्कातला बराच भाग संरक्षित आहे, गाइडशिवाय आत जाता येत नाही. म्हणून बसची टूर किंवा सेंट्रोसॉरसच्या हाडांच्या खाणीची हाइक साइट बुक करतानाच बुक करा, ऐन वेळी मिळत नाही. लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर बस. स्वतःहून फिरायला पाच ट्रेल आहेत आणि एक छोटा लूप रोड, त्यावर जागच्या जागी ठेवलेले सांगाडे काचेमागे बघता येतात. याच रस्त्यालगत जॉन वेअरचं लाकडी घर आहे. गुलामगिरीतून सुटून इथे येऊन नावाजलेला काऊबॉय झालेला हा माणूस, थांबून वाचण्यासारखं आहे.

तिथली माती बघा हातात घेऊन. कोरडी असताना पॉपकॉर्नसारखी फुगीर, कुरकुरीत, पायाखाली चुरचुरते. बेंटोनाइट ती. पण दोन सरी पडल्या की तीच साबण होते, बूट मणामणाचे होतात आणि उतारावर उभं राहता येत नाही. पाऊस आला की ट्रेल सोडून परत या, शहाणपण तेच. हाड दिसलं तर हात लावायचा नाही, उचलणं कायद्याने गुन्हा आहे, फोटो काढा आणि स्टाफला सांगा. रॅटलस्नेक या सगळ्या पट्ट्यात आहेत. फटीत हात घालू नका, दगडावर बसण्याआधी बघा, एवढं केलं की झालं. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर फिरा, मधल्या वेळात झोपा.

खाली दरीत मोबाइलची रेंज धड नसते. मॅप आणि बुकिंगचे कागद आधीच डाउनलोड करा.

मेडिसिन हॅट

शहराला गॅस सिटी म्हणतात. १८८३ मध्ये या भागात रेल्वेसाठी पाण्याची विहीर खोदत होते आणि निघाला नैसर्गिक वायू. रुडयार्ड किपलिंग, मुंबईत जेजेच्या आवारात जन्मलेला तोच, १९०७ मध्ये इथे आला आणि या गावाला तळघर म्हणून अख्खा नरकच मिळालाय असं काहीसं म्हणाला, ते गावाने इतकं मनावर घेतलं की अजून मिरवतात. पुढे १९१० मध्ये गावाचं नाव बदलायची चर्चा निघाली तेव्हा त्याने नाव बदलू नका म्हणून पत्रही पाठवलं.

कॅम्पिंगला गॅस सिटी कॅम्पग्राउंड सोयीचं, गावातच आहे. इथे लाँड्री, ग्रोसरी, टाक्या रिकाम्या, पाणी भरून घेणं ही सगळी कामं उरका, हा तुमचा मधला पडाव आहे. हायवेवरून दिसणारा सामिस टीपी हा १९८८ च्या कॅल्गरी ऑलिम्पिकसाठी बनवलेला प्रचंड लोखंडी तंबू, १९९१ मध्ये इथे आणून उभा केला. बाजूला पार्किंग आहे, आरव्ही लागते. तो खालच्या दरीच्या काठावर आहे, जिथे शेकडो वर्षांपूर्वी बायसनच्या शिकारीचे तळ होते, म्हणजे नुसता फोटो पॉइंट नाही.

मला विचाराल तर या गावात एकच गोष्ट बघायची तर मेडाल्टा. जुना कुंभारकामाचा कारखाना, नैसर्गिक वायू आणि माती दोन्ही इथेच म्हणून उभा राहिला, रेल्वेच्या हॉटेलांना कपबश्या इथून जायच्या, १९५४ मध्ये बंद पडला, आता म्युझियम. विटांच्या गोल घुमटाच्या भट्ट्या आहेत, मधमाशीच्या पोळ्याच्या आकाराच्या, आणि तुम्ही आत जाऊन उभे राहू शकता. बाहेर चौतीस डिग्री आणि आत भिंती गार. विटांवर वर्षानुवर्षांच्या भाजणीने काचेसारखी चकाकी आलेली, बोट फिरवलं की गुळगुळीत लागते. बाबांना इथे सोडा, तुम्ही दोन तास मोकळे.

संध्याकाळी नदीकाठी पोलीस पॉइंट पार्क, सपाट वाटा, आईंना चालायला मस्त. मुलांना पोहायचं असेल तर गावाच्या पश्चिमेला एको डेल, तिथे तळं आहे. डाउनटाउनमध्ये आरव्ही घेऊन शिरू नका.

साइप्रस हिल्स

हायवे १ वर पूर्वेला जाऊन ४१ ला दक्षिणेकडे वळायचं, तासाभरात एल्कवॉटर. प्रेअरीतून चढत जाता आणि एकदम लॉजपोल पाइनचं जंगल सुरू. रॉकीज आणि लॅब्राडॉर यांच्यामधली सगळ्यात उंच जागा इथे आहे, हिमयुगात बर्फाने माथा झाकला गेला नव्हता म्हणून झाडं-फुलं आजूबाजूपेक्षा वेगळी. खाली घाम पुसत होतात आणि इथे रात्री स्वेटर घालावा लागतो, जुलैतसुद्धा. १९८९ पासून अल्बर्टा आणि सस्काचवान मिळून हे पार्क चालवतात.

एल्कवॉटर तळ्याजवळच्या काही कॅम्पग्राउंडात फुल हुकअप मिळतात, तेच घ्या आणि तीन रात्री गाडी हलवू नका. तळ्याकाठी बोर्डवॉक आहे, पहाटे तिथे मूस दिसू शकतो. भाड्याने सायकल किंवा कयाक मिळाली तर घ्या. हॉर्सशू कॅनियनचा व्ह्यूपॉइंट चुकवू नका, तिथून खाली प्रेअरी दिसते. २००४ पासून हे डार्क स्काय प्रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा आहे, तेव्हा अमावस्येच्या आसपासची तारीख मिळाली तर बघा, कॅलेंडर भिंतीवर असतंच आपल्याकडे. बाहेरचे दिवे बंद करा, शेजारचेही करतील.

पलीकडे सस्काचवानमध्ये फोर्ट वॉल्श आहे, १८७५ चं पोलीस ठाणं, जायला चांगलं. पण मधला गॅप रोड मॅप तुम्हाला दाखवेल, त्यावर आरव्ही घालायची नाही, ओला झाला की चिखलात रुतते आणि तुमच्या करारातही बसत नाही. मेपल क्रीकवरून फिरून जायचं, आणि त्या बाजूला पार्कात शिरायची वेगळी फी असते.

रेड रॉक कूली, म्हणजे ते माणसापेक्षा उंच लाल गोल दगड, फोटोत फार सुंदर दिसतात. शेवटचा टप्पा खडीचा आहे, तिथे काही सोय नाही, कंपनी परवानगी देत नसेल तर सोडून द्या. रायटिंग-ऑन-स्टोन, ब्लॅकफूट लोकांची पवित्र जागा, २०१९ पासून युनेस्कोत, दगडावर कोरलेली चित्रं, ती तर बघायलाच हवी, पण मेडिसिन हॅटहून पक्क्या रस्त्याने मिल्क रिव्हरवरून लांबचा फेरा पडतो. तिला वेगळी ट्रिप द्या, कारने गेलात तरी चालेल.

रोज निघण्याआधी

एक जण आत, एक बाहेर. आतला: खिडक्या, छताची झडप, कपाटं लॉक, फ्रिजचं दार, स्लाइड आत. बाहेरचा: विजेची वायर, पाण्याचा पाइप, ड्रेनेज, ऑनिंग, पायरी, चाकाखालचे ब्लॉक. मग दोघांनी जागा बदलून परत एकदा बघायचं. रात्री झोपताना ऑनिंग उघडं ठेवू नका, इथलं वादळ सांगून येत नाही आणि गारांसकट येतं. ऑनिंग फाटलं तर बऱ्याच इन्शुरन्समध्ये ते धरत नाहीत.

परत देताना कॅल्गरीच्या अलीकडे स्ट्रॅथमोरला थांबा, पेट्रोल आणि जमलं तर प्रोपेन तिथेच भरून घ्या. टाक्या शेवटच्या मुक्कामाहून निघतानाच रिकाम्या केलेल्या असू देत. आत झाडून-पुसून चारी बाजूंचे फोटो काढा, किलोमीटर आणि जनरेटरच्या मीटरचाही. परतीची वेळ बहुतेक सकाळची असते आणि उशिराचा दंड तासावर लागतो, म्हणून एक रात्र वाढवून आदली रात्र परत किनब्रुकलाच टाकली तर सकाळी धावपळ होत नाही.